कडी लावण्याआधी

मंगळवार, ३ मार्च

बारक्या,

वीस वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजू नकोस. सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी वहिनी. आई सहा वर्षांपूर्वी गेली, ते वहिनीने तुला कळवलं होतं. तू आला नाहीस. तो विषय मी आता काढत नाही. तुझा आताचा पत्ताही तिनेच शोधला. कुठून, ते सांगत नाही. तुझ्या बाबतीत ती माझ्या बाजूने कधी नव्हतीच.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. माझं लिव्हर गेलंय. सिरॉसिस. आत पार दगड झालाय म्हणतात. बाबा गेल्यानंतर मी संध्याकाळी बाटली उघडायला लागलो, मग दुपारी, आणि पुढेपुढे ती उघडावीच लागेना, उघडीच असायची. तीन वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. पण वरातीमागून घोडं. पोट पाण्याने टम्म फुगतं, दर पंधरा दिवसांनी नळी घालून काढतात. डोळे हळदीसारखे पिवळे. आरशात बघणं सोडलंय, दाढी वहिनी करते.

इथल्या मोठ्या दवाखान्यात एक नवा उपचार करतात. प्रयोग आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि तशी सहीही घेतली. डॉक्टर उंच, सडसडीत, वाऱ्याने हलेल असा. मी त्याला बांबू म्हणतो, मनातल्या मनात. बरगड्यांच्या मधून एक बारीक सळई आत घालायची, तिच्या टोकातून भयंकर गार वायू सोडायचा आणि लिव्हरचा कडक झालेला भाग गोठवून मारायचा. असं दोनदा. तिसऱ्या खेपेला पोट उघडून तो मेलेला भाग कापून काढायचा आणि त्या जागी रक्ताच्या नात्यातल्या निरोगी माणसाच्या लिव्हरचा तुकडा जोडायचा. तुकडा वाढतो. देणाऱ्याचंही भरून येतं. मी विचारलं, "आजवर किती जणांवर केलंत?" म्हणाला, "अकरा. सात घरी गेले." म्हटलं, "आणि चार?" बांबूने चष्मा काढून पुसला.

आता रक्ताच्या नात्यात मला कोण उरलंय, ते तूच सांग.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे मनात अढी राहणार नाही. बाबांचं जे झालं, त्याबद्दल मी तुला माफ केलंय. आपल्या बर्फाच्या कारखान्यातल्या थंड खोलीची कडी फक्त बाहेरून लागायची, म्हणून बाबांनी नियम केला होता आणि तो आपल्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ होता. कडी लावण्याआधी लाद्या ओढायच्या आकड्याच्या मुठीने दारावर तीन ठोके द्यायचे आणि वीसपर्यंत मोजायचं. आत कोणी असेल तर तो दोन ठोके देणार. दोन आले, तर कडी लावायची नाही. इतकं साधं. त्या दुपारी पाळी तुझी होती, तू विचारलं नाहीस, आणि बाबा आत राहिले. वय लहान, चूक झाली. झालं गेलं विसरलो मी. आता तू माझं एवढं काम कर.

तुझा,
दादा

गुरुवार, १२ मार्च

बारक्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तू तर जळालेलाही नाहीस.

पहिलं गोठवणं सोमवारी झालं. कंबरेत सुई देऊन बधिर करतात, पण आपण जागे. यंत्र सुरू झालं आणि मला हसूच आलं, थेट आपल्या कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्रेसरचा आवाज. तसंच खाकरून मग गुरगुरणं. समोरच्या पडद्यावर लिव्हरमध्ये एक काळा गोल डाग वाढत होता. मी बांबूला म्हटलं, "डॉक्टर, आमच्या साच्यात बर्फ कडेने आत धरतं. तुमचं मधून बाहेर धरतंय. उलटं आहे." तो म्हणाला, "काका, हलू नका." जन्म लाद्या ओढण्यात गेला माझा, आणि हा मला सांगतो हलू नका.

तेव्हापासून उजव्या बरगडीखाली तळहाताएवढी जागा गार आहे. दोन दिवसांत जाईल म्हणाले होते, आज चौथा. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर पिशवीच गार होते. काल वहिनीने माझा चष्मा पुसून तिथे पोटावर ठेवला, तर काचांवर वाफ धरली. तिने तो उचलला, पदराने पुन्हा पुसला. जाताना दारातून वळून म्हणाली, "तुमच्या अंगाला भुशाचा वास येतोय." लाद्या झाकायचा लाकडी भुसा, ओला. मी म्हटलं, वीस वर्षं झाली कारखाना विकून, तुझं नाक अजून तिथेच आहे का? पण बारक्या, वास मलाही येतो.

आणि आवाज येतो. आतून. ठक ठक. सोनोग्राफीवाली बाई परवा पोटावर यंत्र फिरवत होती, ती मध्येच वैतागून म्हणाली, "काका, खाटेवर बोटं वाजवू नका हो, मला नीट करू द्या." माझे दोन्ही हात डोक्याखाली होते. मी वर करून दाखवले. मग ती पुढे फार भराभर उरकून गेली.

बांबूचं म्हणणं, गोठलेला भाग सुटताना असं होऊ शकतं. म्हणजे बर्फ बोलतंय. आठवतं? लाद्या बसताना टकटक वाजायच्या आणि नवा कामगार दचकला की बाबा म्हणायचे, "बर्फ बोलतंय रे, तू तुझं काम कर." सगळ्या कारखान्याला सवय झाली होती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तर बर्फ बोलतंय. बाकी काही नाही.

दादा

गुरुवार, १९ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड काल आलं. "येतो. तेवीसला पोचेन." दोन शब्द आणि एक तारीख. आम्ही दोघं इतका वेळ ते कार्ड बघत होतो की सिस्टर येऊन वाचून गेली. या सिस्टरला मी हवालदारीण म्हणतो. चालताना तिच्या बुटांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड पांघरूण नीट करतो. ती म्हणाली, "भाऊ चांगला आहे तुमचा." मी म्हटलं, "आहेच."

वहिनी रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. जगायचंय मला, बारक्या. इतकं जगावंसं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसरं गोठवणं मंगळवारी झालं. ते तसं सरळ झालं नाही. सळई आत गेली, डाग वाढला, आणि बांबू हात थांबवून पडद्याकडे बघत राहिला. यंत्र बंद होतं तरी डाग वाढत होता. अर्धा मिनिट असेल. मग थांबला. ते आपसात इंग्रजीत बोलले आणि मला म्हणाले, छान झालं.

आता ठोके रोज येतात. दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होतात. दोन. मग जरा थांबून परत दोन. हवालदारीण काल छाती तपासत होती, तिने नळी खाली बरगडीवर नेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ ऐकलं. मग कानातून काढून गळ्यात अडकवली आणि मला विचारलं, "कोणाचं काही राहिलंय का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाली, "काही नाही, उगीच विचारलं." आणि गेली. उगीच विचारणारी बाई आहे का ती?

तू येतोयस, म्हणून एक विचारतो. त्या दिवशी बारा वाजता तू कडी लावलीस, तेव्हा तीन ठोके दिलेस की नाही, हे तुला नक्की आठवतं का? लोकांसमोर तू एवढंच म्हणालास, "पाळी माझी होती." ठोके दिले नाहीत, असं तू कधी म्हणाला नव्हतास. ते मी म्हणालो. आईला मी सांगितलं, याने विचारलं नाही.

आणि दुसरं असं की दोन वाजता मला एका गिऱ्हाइकासाठी अर्धी लादी हवी होती. ती दाराजवळच होती. आत पाऊल न टाकता मी ती आकड्याने ओढून घेतली. कडी आधीच कोणीतरी काढलेली होती. म्हणजे परत लावली ती मीच.

हे पत्र टाकू की नको, बघतो.

दादा

मंगळवार, २४ मार्च

बारक्या,

तू भिंतीपलीकडच्या खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. वहिनी म्हणते, डोकं फिरलंय तुमचं. असेल.

आधीचं पत्र मी टाकलं नाही. गादीखाली आहे. हेही तिथेच जाणार बहुतेक.

काल तू दारात उभा राहिलास तेव्हा मी ओळखलंच नाही. मला वाटलं बाबाच आले. तेच खांदे, मान तशीच एका बाजूला. तू पुढे येऊन माझ्या पायांना हात लावलास आणि म्हणालास, "दादा, किती वाळलास रे." मी काय बोललो? "गाडी वेळेवर होती का?" वीस वर्षांनी भाऊ भेटला आणि मी गाडीची वेळ विचारली! मग तू पिशवीतून काढून मला लोकरीची बंडी दिलीस. म्हणालास, "वहिनींनी कळवलं, तुला थंडी वाजते."

आज तुझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. जुळतंय म्हणे, अगदी साच्यातून काढल्यासारखं. बांबू खूश. तू सही केलीस ती माझ्यासमोर. त्याने तुला दोनदा सांगितलं की देणाऱ्याच्याही जिवाला धोका असतो, शंभरात एखादा दगावतो, आणि इथे तर सगळंच नवीन आहे. तू म्हणालास, "असू दे. बाबांच्या वेळी मी नव्हतो जिथे असायला हवा होतो. आता आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात आतून दोन ठोके पडले, असे मोठे की मला वाटलं तू ऐकलेस. तू मान वर केलीस आणि माझ्या पोटाकडे बघितलंस. मी घाईने खोकलो. तू विचारलंस, "पाणी देऊ का?" आणि दिलंस.

म्हणजे असा माणूस आहे मी. तुला उद्या, परवा कापतील, तू स्वतःला दोषी समजून टेबलावर झोपशील, आणि मला भीती कशाची, तर खरं कळलं की तू सही फाडशील, याची.

दादा

गुरुवार, २६ मार्च, सकाळी

बारक्या,

अकरा वाजता नेणार आहेत. आधी तुला, मग मला. उजव्या हाताला सलाईन आहे, डाव्याने लिहितोय, अक्षर लावून घे. हे आणि गादीखालची दोन्ही पत्रं हवालदारीण तुझ्याकडे आणेल. तुला नेण्याआधी वाचायला देईन, असा शब्द तिने दिलाय.

त्या सकाळी बाबा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "कारखाना मी बारक्याच्या हाती देणार. थोरल्याचं डोकं तापट, बर्फाला ते चालत नाही." सगळे हसले. तूही हसलास. तुझं हसणं साधंच होतं, आता कळतं. तेव्हा माझ्या डोळ्यांत खुपलं ते. मी चौतीस वर्षांचा, सोळाव्या वर्षापासून लाद्या ओढत होतो.

दोन वाजता लादी काढून मी दार आपटलं आणि कडी लावली. ठोके दिले नाहीत. रागात होतो. बाबा आत मागच्या रांगेत लाद्या मोजायला गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. आईची शपथ, नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन बसलो. दारापासून दहा पावलं. थोड्या वेळाने दोन ठोके आले.

मी म्हटलं, बर्फ बोलतंय.

थांबून परत दोन आले. बर्फ कधी दोन-दोन बोलतं का रे? अठरा वर्षं ऐकत होतो मी, ते कसंही वाजतं, एक, चार, सलग, तुटक. ठरवून दोन नाही वाजत. मी वही उघडली आणि गिऱ्हाइकांची नावं लिहायला लागलो. जरा वेळ राहू दे म्हणावं आत, कोण असेल तो. डोकं तापट ना माझं, मग ज्याला थंड लागतं त्याने बसावं. असं मनात आलं होतं. बाबा असतील असंही आलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी वीस वर्षं स्वतःला सांगितलं आणि वर बाटली ओतली. मला ठाऊक होतं. दहा मिनिटांनी उघडू म्हटलं, मग एक गिऱ्हाईक आलं, मग फोन आला, आणि मग आवाज यायचा थांबला. थांबल्यावर वाटलं, बघ, बर्फच होतं.

सहाला ट्रक आला तेव्हा दार उघडलं. पुढचं तू पाहिलंस. बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती, दाराला टेकलेली. सगळ्यांनी विचारलं कडी कोणी लावली, आणि तू म्हणालास, "पाळी माझी होती." मी गप्प बसलो. आई तुझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही, तेव्हाही गप्प बसलो. महिन्याभरात तू घर सोडलंस तेव्हा मी गॅलरीत उभा होतो.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मी तुला पत्र लिहून माफ केलं! तोंड कुठे लपवू?

सही फाड, बारक्या. बांबूला मी सांगतो, माझाच विचार बदलला म्हणून. तुझा तुकडा मला लागू पडला तरी मी तो सांभाळू शकणार नाही. पण हे वाचल्याशिवाय टेबलावर जाऊ नकोस.

एक गंमत सांगतो. हे लिहायला घेतल्यापासून आतून एकही ठोका आलेला नाही. आणि आत्ता, मघाशी, भिंत वाजली. तीन ठोके. लहानपणी आपल्या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये भिंत होती, तेव्हा वाजवायचास तसे. तू उठलास वाटतं. मी डाव्या हाताने दोन दिले. रडू आलं.

सिस्टर आली. पाकीट देतो.

तुझा नालायक
दादा

(त्याच कागदाच्या मागे)

दादा,

सिस्टर दारात उभी आहे, दहा मिनिटं दिलीत. भराभर लिहितो.

बाराला मी तीन ठोके देऊन, वीस मोजून कडी लावली होती. मला पक्कं आठवतं. म्हणजे नंतर बाबा ती काढून आत गेले आणि कोणीतरी ती परत लावली, आणि त्या दाराला हात लावणारे आपण तिघंच. बाबा आत होते. कडी कोणी लावली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मग मी पाळी माझी होती असं का म्हणालो, तर ऐक. दुपारी मी गच्चीवर टाकीजवळ होतो. थंड खोलीचा पाइप वरपर्यंत येतो. त्या पाइपातून दोन ठोके आले. थांबून परत दोन. मी कान लावून ऐकले. ऊन इतकं होतं की जिना उतरायचा कंटाळा आला. मीही म्हटलं, बर्फ बोलतंय. आणि टाकीच्या सावलीत आडवा झालो.

तू रागाने बसलास, मी आळसाने झोपलो. बाबांना काय फरक पडला?

सही मी फाडत नाही. पण माफ केलं असं समजू नकोस. माफ करायला आपल्यापैकी एकजण तरी त्या खोलीच्या बाहेर हवा. तो नाही. तुझा विचार बदललाय वगैरे बांबूला काही सांगू नकोस, नाहीतर मी उठून तुझ्या खोलीत येईन आणि वहिनींसमोर तुला झोडपेन.

आता एकच. तू लिहिलंयस, मी भिंतीवर तीन ठोके दिले. मी नाही दिले, दादा. तीन ठोके मलाही ऐकू आले. मला वाटलं, तूच. म्हणून मीही दोन दिले.

सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, तिने तर व्हरांड्यात उभ्या उभ्या ऐकले सगळे. आधी तीन, मग दोन्ही खोल्यांतून दोन-दोन.

नेताहेत मला. तू घाबरू नकोस. विचारणाऱ्याने विचारलंय, आणि आपण आत आहोत हे दोघांनीही सांगितलंय. दोन आले, तर कडी लावायची नाही, हा त्यांचाच नियम.

बारक्या